ला होयाच्या कड्यांवर सेगवे टूर: बडोद्याहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाकडे सॅन डिएगोला दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा समुद्रकाठच्या कड्यांवरून सेगवेवर फिरले, हे दांडिया बजार ते कारेलीबाग सगळ्यांना कळलंय. आता ज्यांची मुलं कॅलिफोर्नियात आहेत त्यांचे फोन आणि मेसेज येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले. आपले आई-बाबा तिकडे जातात आणि सहा महिने घरात नातवंडं सांभाळून, भाजी चिरून परत येतात. त्यांनी बाहेर पडावं असं मला मनापासून वाटतं. पण ज्यांनी या मशीनवर चढू नये त्यांना तेही स्पष्ट सांगितलंच पाहिजे.

सेगवे म्हणजे नक्की काय? ई-स्कूटरच ना?

नाही. स्कूटरची चाकं एकामागे एक असतात, सेगवेची दोन चाकं शेजारी-शेजारी. मध्ये उभं राहायला पाट आणि समोर कंबरेच्या जरा वर येणारी दांडी. सीट नाही, ब्रेक नाही, मूठ पिळायची नाही. पुढे झुकलं की चालतो, सरळ झालं की मंदावतो, किंचित मागे कललं की थांबतो. वळायचं असेल त्या बाजूला दांडी कलवायची. लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचो, ती जिकडे कलेल तिकडे हात न्यायचो, आठवतं? मशीन तेच करतं, फक्त सेकंदाला सुमारे शंभर वेळा. त्यासाठी आत पाच जायरोस्कोप असतात. डीन केमन यांनी डिसेंबर २००१ मध्ये हे यंत्र जगाला दाखवलं. टूरमध्ये दिसणारं नेहमीचं मॉडेल सुमारे ४७ किलोचं असतं आणि जास्तीत जास्त ताशी २० किलोमीटर जातं. टूरवर इतक्या वेगाने कुणी नेत नाही.

ला होया कुठे आहे आणि टूरमध्ये काय दिसतं?

सॅन डिएगो शहराचाच हा उत्तरेकडचा समुद्रकाठ. पाटीवर इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण ‘ला जोला’ म्हणतो, पण उच्चार ‘ला होया’. टॅक्सीवाल्याला जोला सांगितलं तरी तो समजून घेतो.

इथला किनारा आपल्या तिथल–दमणसारखा सपाट वाळूचा नाही. रस्ता वर, समुद्र खाली, आणि मध्ये वालुकाश्माचे पिवळसर कडे. हा खडक साधारण साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा. लाटांनी तो खालून पोखरून गुहा केल्या आहेत. टूर साधारणपणे ‘ला होया कोव्ह’ नावाच्या छोट्या खाडीभोवती आणि तिच्या वरच्या एलेन ब्राउनिंग स्क्रिप्स पार्कच्या बाजूने जाते. हिरवळ, ताडाची झाडं, वाऱ्याने एका बाजूला वाकलेले सायप्रस आणि पलीकडे नुसतं निळं पाणी. पार्कला जिचं नाव आहे ती बाई पत्रकार होती. वर्तमानपत्रांतून मिळालेला पैसा तिने या गावावर खर्च केला. कोव्हपासून एक किलोमीटरही नसलेल्या ‘चिल्ड्रेन्स पूल’ची समुद्रातली भिंतही १९३१ साली तिच्याच पैशातून उभी राहिली. सयाजीरावांच्या गावात वाढलेल्या माणसाला गावासाठी असा पैसा खर्च करणारं कुणी भेटलं की लगेच आपलंसं वाटतं. मी तरी गाइडला तिच्याबद्दलच सर्वात जास्त प्रश्न विचारले.

रस्त्यात एक दुकान लागतं, त्याच्या आतून १४५ पायऱ्यांचा बोगदा खाली एका समुद्रगुहेत उतरतो. ते टूरमध्ये धरलेलं नसतं. गुडघे चांगले असतील तर नंतर वेगळं तिकीट काढून उतरा.

मला सायकलसुद्धा येत नाही. मला जमेल?

जमेल. सायकलचा तोल आपल्याला सांभाळावा लागतो, इथे तो मशीन सांभाळतं. उलट सायकल चालवणाऱ्यांच्याच हातात आधी चूक होते, कारण ते हँडल धरून ओढतात आणि ब्रेक शोधतात.

निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत अर्धा तास तरी शिकवतात. शिकवत नसतील तर त्या टूरला जाऊ नका. चढताना गाइड समोरून दांडी धरतो, तुम्ही एक पाऊल ठेवता, मग दुसरं. पहिली पंधरा-वीस सेकंदं मशीन पुढे-मागे थरथरतं आणि वाटतं की बिघडलंय. बिघडलेलं नसतं. तुम्ही घाबरून बोटांवर आणि टाचांवर आलटूनपालटून जोर देत असता आणि ते तेवढंच तुम्हाला परत दाखवतं. माझ्या गाइडने मला सांगितलं, “खाली बघू नका, त्या ताडाकडे बघा.” मी मान वर केली आणि थरथर थांबली. तळव्यांखाली फक्त बारीक गुणगुण राहिली, शिवणाच्या मशीनची मोटर लांबून ऐकू यावी तशी.

पहिला अर्धा तास मशीन शिकाऊ वेगावर ठेवतात. दांडीवरच्या छोट्या यंत्रावर तेव्हा कासवाचं चित्र दिसतं. ते जाऊ द्यायची घाई करू नका. मला शेवटपर्यंत कासवावरच ठेवा असं सांगता येतं, आणि कुणी नाही म्हणत नाही.

बडोद्यातून निघण्यापूर्वी सराव हवा असेल तर मशीन शोधत बसू नका. सकाळी कमाटीबागेत चालायला जाता तेव्हा रोज पाच मिनिटं सरळ उभं राहून, टाचा न उचलता, सगळं अंग घोट्यातून किंचित पुढे आणि किंचित मागे कलवायचं. कंबरेतून वाकायचं नाही. मी महिनाभर हे केलं. तिथे गाइडने विचारलं, आधी कधी चालवलंय का?

वय आणि वजनाची अट असते का?

असते, आणि वजनाची अट वयापेक्षा महत्त्वाची. सेगवेच्या नेहमीच्या मॉडेलला चालवणाऱ्याचं वजन साधारण ४५ ते ११८ किलोमध्ये लागतं. वरची मर्यादा सगळ्यांना समजते. खालची कुणी गंभीरपणे घेत नाही. आपल्याकडच्या कितीतरी आज्या, मावश्या ४२–४३ किलोच्या असतात. वजन कमी असेल तर मागे झुकूनही मशीनला “थांब” हे पुरेसं कळत नाही, उतारावर तर नाहीच.

हे मी पाहिलंय. दुसऱ्या खेपेला माझी नणंद बरोबर होती, अंगाने अगदी काटकुळी. टूरवाल्यांनी वजन विचारलं, तिने अंदाजे सांगितलं, त्यांनी काटा पुढे केला नाही. छोट्याशा उतारावर ती मागे कलत राहिली आणि मशीन पुढे जात राहिलं. गाइडने धावत येऊन दांडी पकडली म्हणून बरं. तिला काही झालं नाही, पण पुढचा तासभर ती एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून सगळ्यांना सांगते: निघायच्या दिवशी सकाळी घरच्या काट्यावर उभं राहा आणि खरा आकडा सांगा. पर्स, पाण्याची बाटली हे सगळं वजनातच धरायचं.

वयाची खालची अट टूरवाले आपापली ठेवतात, बुकिंगच्या वेळी विचारा. वरची अट बहुतेक जण ठेवत नाहीत. तिथे तब्येत पाहायची, आणि ते पुढच्या उत्तरात आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बीपीची गोळी चालू आहे. जाऊ का?

तुमच्या डॉक्टरांना एकच नेमका प्रश्न विचारा: “मी दोन तास सलग, थोडे गुडघे वाकवून उभी राहू शकते का?” सेगवेवर दम लागत नाही, पण बसायला मिळत नाही. पायाचे तळवे आणि पोटऱ्या भरून येतात.

चक्कर येण्याचा, कानातल्या तोलाचा त्रास असेल तर चढूच नका. मशीन तुमच्या तोलावर चालतं, आणि तोलच फसवत असेल तर ते तरी काय करणार? गरोदर बाईला बहुतेक टूरवाले घेतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पायाला मुंग्या येत असतील किंवा मधुमेहामुळे तळव्यांची जाणीव कमी झाली असेल तर हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपल्याकडे कुणी हे आपणहून सांगत नाही, आणि सेगवेला सगळा हुकूम तळव्यांनीच द्यायचा असतो.

साडी नेसून चालेल का?

नाही. पदर आणि निऱ्या चाकाजवळ येतात. पंजाबी ड्रेस चालतो, पण ओढणी घरी ठेवा आणि सलवार घेरदार नको. पायात बंद बूट, सपाट तळव्याचे. चप्पल, सँडल, टाचेचं काहीही नको. हेल्मेट टूरवाले देतात. अंबाडा घालत असाल तर त्या दिवशी खाली सैल वेणी घाला, नाहीतर हेल्मेट बसत नाही.

आणि जॅकेट न्या. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन असं समजून माणसं बडोद्यातल्या मे महिन्याच्या कपड्यांत जातात आणि कड्यावरच्या वाऱ्यात कुडकुडतात.

मग कोणत्या महिन्यात जावं?

सप्टेंबर आणि ऑक्टोबर सर्वात चांगले. मे–जूनमध्ये समुद्रावरचे ढग किनाऱ्यावर येऊन बसतात. तिथले लोक त्याला ‘मे ग्रे’ आणि ‘जून ग्लूम’ म्हणतात. सकाळी सगळं राखाडी, दुपारी कधी उघडतं, कधी दिवसभर नाही. आपल्या मुलांच्या शाळांना सुट्टी तेव्हाच असते, म्हणून बहुतेक बडोदेकर नेमके तेव्हाच जाऊन पोहोचतात. तसं असेल तर सकाळची टूर घेऊ नका, दुपारची घ्या. पाऊस पडतो तो मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च. पण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत करडे देवमासे या किनाऱ्याने जातात आणि कड्यावरून कधीकधी त्यांचा फवारा दिसतो. मला दिसला नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीला दिसला आणि ती आनंदाने ओरडली, तेवढंच माझ्या वाट्याला आलं.

पोहोचल्यावर पहिले चार दिवस काही बुक करू नका. उन्हाळ्यात आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेबारा तास पुढे असतं. तिथली दुपार म्हणजे आपल्या शरीराची मध्यरात्र, आणि झोपेत तोल जातो.

कड्याच्या अगदी काठावरून नेतात का? मला उंचीची भीती वाटते.

नाही. मशीन पक्क्या रस्त्यावर आणि फरसबंद वाटेवरच चालतं. काठाजवळ जायचं तर उतरून, चालत, कठड्यापर्यंत. कड्याला लागून जाणारी ‘कोस्ट वॉक’ नावाची मातीची पायवाट आहे, ती फार सुंदर आहे, पण ती पायी करायची.

कठडा ओलांडून फोटो काढू नका, कितीही माणसं तसं करताना दिसली तरी. वालुकाश्म वरून घट्ट दिसतो आणि आतून पोकळ असतो. याच किनाऱ्यावर थोडं उत्तरेला, एन्सिनिटासला, ऑगस्ट २०१९ मध्ये कडा कोसळून खाली वाळूवर बसलेल्या एकाच कुटुंबाच्या मेळाव्यातल्या तीन बायका गेल्या. त्या काठावर नव्हत्या, पायथ्याशी होत्या. म्हणून पायथ्याला टेकूनही बसायचं नाही.

सेगवे कंपनीचा मालकच सेगवेवरून कड्यावरून पडून गेला, हे खरं आहे का?

हो. ब्रिटिश उद्योजक जिमी हेसल्डन यांनी ती कंपनी विकत घेतली होती. सप्टेंबर २०१० मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये, घराजवळच्या नदीकाठच्या अरुंद वाटेवर ते सेगवेवरून जात होते. कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसाला वाट द्यायला ते मागे सरले आणि खाली कोसळले, असं चौकशीत पुढे आलं.

हा मेसेज दर वेळी कुणीतरी पाठवतं आणि टूर रद्द करायची का विचारतं. रद्द करू नका, पण यातून एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: सेगवेवर कुणाला वाट द्यायची असेल तर मागे जायचं नाही. थांबायचं, उतरायचं, दांडी हातात धरून बाजूला व्हायचं. मागचं आपल्याला दिसत नाही. आपल्या माणसांचा स्वभावच “या, तुम्ही आधी” असा, म्हणून हे मुद्दाम सांगते.

पडलं तर? तुम्ही पडलात का?

पडले. पहिल्याच खेपेला, शेवटच्या दहा मिनिटांत, सगळं आलं आता असं वाटत असताना. वाटेतून एक चाक ओल्या गवतावर गेलं, दुसरं फरशीवरच राहिलं, मशीन गर्रकन फिरलं आणि मी हिरवळीवर बसले. कोपर खरचटलं. तेव्हा कळलं की दोन्ही चाकांखाली सारखी जमीन हवी. गवत, वाळू, ओली पानं, झाडाची वर आलेली मुळं आणि पदपथाची कड, ही पाच ठिकाणं टाळा. पायरीएवढी कड असली तरी तिच्यावरून चढवायचं नाही, उतरून हाताने न्यायचं.

उतरताना एक पाय मागे खाली, मग दुसरा, आणि दोन्ही पाय जमिनीवर आले तरी दांडी सोडायची नाही. सोडली तर मशीन आपलं आपण पुढे जातं.

मध्येच बॅटरी संपली तर फेकून देईल का?

नाही. पूर्ण चार्जवर ते साधारण ३८ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतं, टूर त्याच्या कितीतरी आत संपते. बॅटरी फार उतरली किंवा काही बिघडलं तर दिवा लाल होतो, मशीन वेग कमी करतं आणि पायाखाली थरथरून इशारा देतं. तो इशारा आला की लगेच उतरायचं, “जरा पुढे जाऊन” नाही.

बागांची टूर हीच का? कुणीतरी बाल्बोआ पार्क म्हणत होतं.

ती वेगळी, शहराच्या मध्यभागी. कड्यांची आणि बागेची टूर एकाच दिवशी करू नका, पाय साथ देत नाहीत.

पण बाल्बोआ पार्क चुकवूही नका. हा सुमारे १,२०० एकरांचा बगिचा पूर्वी नुसता ओसाड माळ होता. १८९२ मध्ये केट सेशन्स नावाच्या बाईने रोपवाटिकेसाठी तिथली तीस एकर जागा शहराकडून घेतली, आणि बदल्यात दर वर्षी त्या माळावर शंभर झाडं लावायची, शिवाय शहराच्या इतर भागांसाठी तीनशे द्यायची असा करार केला. म्हणजे भाडं झाडांत! सॅन डिएगोत मे–जूनमध्ये रस्तोरस्ती जांभळा दिसणारा नीलमोहर रुजवण्याचं श्रेयही तिलाच देतात. कमाटीबाग १८७९ ची, म्हणजे आपली बाग त्यांच्याआधी उभी होती, हे मी तिथल्या बाकावर बसून मुलाला सांगितलं.

तिथे एक झाड आवर्जून पाहा. नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या मागे मोरटन बे फिग आहे, १९१५ च्या प्रदर्शनासाठी लावलेलं. मुळं माणसाच्या कंबरेएवढी वर आलेली, म्हणून भोवती कुंपण आहे. हे वडाच्याच कुळातलं. आपल्या गावाच्या नावातच वड आहे, त्यामुळे मी बराच वेळ तिथून हलले नाही. लाकडी पट्ट्यांची बोटॅनिकल बिल्डिंग आणि तिच्यासमोरचं कमळांचं तळंही त्याच प्रदर्शनाच्या वेळचं. बागेत शिरायला तिकीट नाही, जपानी बागेला मात्र आहे.

सील जवळून बघता येतात का? तिथे घाण वास येतो असं ऐकलं.

वास येतो, खरा आहे. खडकांवर पक्षी आणि सागरसिंह राहतात, त्यांच्या विष्ठेचा. वारा समुद्राकडून असेल तर पार्कपर्यंत येतो. नाकाला पाच मिनिटांत सवय होते.

दोन वेगळे प्राणी आहेत. कोव्हच्या बाजूला खडकांवर मोठमोठ्याने भुंकणारे, पुढच्या वल्ह्यांवर उभं राहून चालणारे, बारीक कान बाहेर दिसणारे ते सागरसिंह. चिल्ड्रेन्स पूलच्या वाळूवर पोत्यासारखे निवांत पडलेले, कान न दिसणारे ते सील. एका सागरसिंहाच्या पिल्लाने माझ्यासमोर मिशा हलवत जांभई दिली, तिच्यात दात आणि गुलाबी जीभ पार आतपर्यंत दिसली.

त्यांच्या जवळ जायचं नाही, निदान ४५ मीटर लांब राहायचं. १९७२ पासून त्यांना छळणं अमेरिकेत कायद्याने गुन्हा आहे. पिल्लांच्या काळात, १५ डिसेंबर ते १५ मे, चिल्ड्रेन्स पूलची वाळू माणसांसाठी बंद असते. वरच्या वाटेवरून छान दिसतं.

गाइडचं इंग्रजी समजेल का? आणि फोटो?

मशीनच्या सूचना चार-पाच शब्दांच्याच असतात, आणि मुलगा किंवा सून बरोबर असेल तर आधीच सांगून ठेवा की शिकवताना सगळं मराठीत परत सांग. लाजून मान हलवू नका. फोटो थांबून, उतरून. चालत्या सेगवेवर मोबाइल हातात घ्यायचा नाही, व्हिडिओ कॉल तर मुळीच नाही.

कागदावर सही घेतात, ती कशाची?

इजा झाली तर जबाबदारी आमची नाही, अशी ती लेखी कबुली असते. नाही म्हणता येत नाही, सहीशिवाय चढू देत नाहीत. म्हणून तुमचा प्रवास विमा बडोद्यातून निघण्यापूर्वीच वाचा. साहसी प्रकार वगळले आहेत का, आणि आधीपासूनच्या आजारांचं काय, हे एजंटकडून लेखी घ्या. तिथे नुसतं कोपर तपासून घ्यायलाही किती खर्च येतो ते मुलाला विचारा. गाइडला शेवटी टिप द्यायची पद्धत आहे, साधारण पंधरा ते वीस टक्के.

आमच्यात दोघं चालवणार नाहीत. त्यांचं काय करायचं?

त्यांना स्क्रिप्स पार्कमध्ये बसवा. माझ्या यजमानांनी दोन्ही वेळा तेच केलं. घरून नेलेला लीलो चिवडा, थर्मासमध्ये चहा, समोर समुद्र. चिवडा मात्र झाकून ठेवा, सीगल पक्षी हातातून उचलून नेतात. पार्किंग शोधायला वेळ लागतो, म्हणून टूरच्या तासभर आधी पोहोचा.

कंपनीने सेगवे बनवणं बंद केलं ना? मग टूर चालतात कशा?

या मॉडेलचं उत्पादन जुलै २०२० मध्ये थांबलं. म्हणजे आज टूरमध्ये मिळणारं असं मशीन वापरलेलंच असतं. ते वाईट असतं असं नाही, पण बुकिंग करताना दोन गोष्टी विचारा: बॅटऱ्या कधी बदलल्या, आणि शिकवायला किती वेळ देता. उत्तर द्यायला कंटाळत असतील तर दुसरीकडे जा. काही टूरवाल्यांनी सेगवेऐवजी इलेक्ट्रिक सायकली आणल्या आहेत, तेव्हा बुकिंगमध्ये मशीनचं नाव नीट वाचा. सायकल येत नसेल तर हे फार महत्त्वाचं.

ला होयाला जमलं, तर परत येताना लंडनला किंवा प्रागला पण करू का?

तसं गृहीत धरू नका. ब्रिटनमध्ये सेगवे सार्वजनिक रस्त्यावर आणि पदपथावर चालवायला परवानगी नाही, तिथे ते फक्त खासगी जागेत, मालकाच्या परवानगीने. प्रागने २०१६ मध्ये शहराच्या मोठ्या भागात त्यांच्यावर बंदी घातली. प्रत्येक गावाचा नियम वेगळा असतो. तिकीट काढण्याआधी टूर नेमकी कोणत्या रस्त्यांवरून जाते ते विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.